परातीतले तारे

हे मी सांगायचं नव्हतं. गोष्ट संपल्यावर आजोबांनी बाकीच्या मुलांना "आईच्या कानावर जाता कामा नये" एवढंच बजावून खाली पिटाळलं, पण मला मागे थांबवून घेतलं. "तू बोलत नाहीस, पण लिहितेस," ते म्हणाले. "हे लिहायचं नाही." मी मान हलवली. मान हलवणं मला बोलण्यापेक्षा सोपं जातं, आणि त्यातून हो की नाही ते समोरच्याला नीटसं कळत नाही.

त्या रात्री वीज गेली होती आणि आम्ही गच्चीवर सतरंजी टाकून पडलो होतो. मावसभाऊ नेहमीसारखा फुशारकी मारत होता की भूतबीत सगळं झूट, एक तरी समोर आणून दाखवा. आजोबा बराच वेळ आकाशाकडे बघत होते. मग म्हणाले, "भुतांचं मला काही माहीत नाही बाबा. माझ्या ओळखीच्या माणसाचं सांगतो. त्याला काय म्हणायचं ते तूच ठरव."

आजोबा जहाजावर विजेचं काम बघायचे. खलाशी त्यांना बत्तीसाहेब म्हणत. हा माणूस त्याच जहाजावर थर्ड मेट होता, म्हणजे कप्तानाच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांमधला सगळ्यांत धाकटा. समुद्र सोडून त्याला पंधरा वर्षं होऊन गेली, पण आजोबा त्याला अजून थर्ड मेटच म्हणतात. म्हणून मीही तेच लिहिते.

तर, गेल्या महिन्यातला शेवटचा बुधवार. दिवे लागायच्या सुमाराला थर्ड मेट तेल आणायला बाहेर पडला. तो राहायचा ते गाव डोंगरात, समुद्रापासून इतकं लांब की तिथल्या निम्म्या लोकांनी समुद्र फक्त चित्रात पाहिलेला. एकटाच होता. शाळेतल्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायचा. मास्तर म्हणून चांगला, पण एक खोड होती. नवीन मूल शिकवणीला आलं की त्याच्या पुस्तकातली शेवटची उत्तरांची पानं तो पहिल्याच दिवशी फाडून ठेवायचा. पालक कुरकुरायचे. तो ऐकून घ्यायचा आणि पानं काही परत द्यायचा नाही.

कोपऱ्यावरच्या दुकानात त्याने यंत्राच्या काळ्या तेलाचा डबा मागितला. दुकानदार म्हणाला, "मास्तर, तुमच्याकडे मोटार नाही की पंप नाही. दर महिन्याला एवढं तेल पिता की काय?" थर्ड मेट हसला, डबा उचलला आणि घराकडे चालू लागला. आकाश स्वच्छ होतं. चंद्र उगवायला पहाट होणार होती. त्याला हवी होती तशीच रात्र.

तेल कशाला, ते कळायला जहाजावरचं ऐकावं लागेल.

त्यांचा कप्तान जुन्या वळणाचा. जीपीएसला तो डबा म्हणायचा. आकाशातल्या उपग्रहांकडून जहाजाची जागा तो डबा क्षणोक्षणी दाखवायचा, तरी कप्तानाचं म्हणणं, डबा कधी मुका होईल सांगता येत नाही, तारे मुके होत नाहीत. म्हणून त्याने थर्ड मेटला हुकूम सोडला होता की रोज संध्याकाळी तारे घ्यायचे, त्यावरून जागा काढायची आणि डब्याशी ताडून दाखवायची.

तारे घ्यायचे म्हणजे सेक्स्टंट नावाच्या पितळी, आरसे लावलेल्या यंत्रातून बघून तारा क्षितिजापासून किती उंच आहे ते मोजायचं. मोजलं त्या क्षणाची वेळ सेकंदासकट टिपायची. मग गणित. एका ताऱ्यावरून नकाशावर एक रेघ मिळते, आणि तीन ताऱ्यांच्या रेघा एकमेकींना जिथे छेदतात तिथे आपण. हे सगळं तिन्हीसांजेलाच जमतं, तारे उगवलेले आणि क्षितिज अजून दिसत असतं तेवढ्या थोड्या वेळात. थर्ड मेट यंत्र डोळ्याला लावून "स्टॉप" म्हणायचा, आणि शेजारी घड्याळ धरून उभे असलेले सुकाणीमामा वेळ सांगायचे.

सुकाणीमामा म्हणजे जहाजाचं चाक धरणारे खलाशी. वयाने मोठे, आवाज थोडा घोगरा. ताऱ्यांमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. काम संपलं की ते रोज एकच गोष्ट विचारायचे. "साहेब, घर कुठं?" थर्ड मेट डब्यात बघून समुद्रावर एका दिशेला बोट दाखवायचा. मामा तिकडे तोंड करून थोडा वेळ उभे राहायचे आणि मग जेवायला जायचे.

पहिले काही दिवस थर्ड मेटच्या रेघा कुठल्या कुठे गेल्या. एकदा तर जहाज वाळवंटात निघालं. कप्तानाने जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर विचारलं, "उंट किती मागवायचे?" सगळे हसले. थर्ड मेटही हसला, पण ताट तसंच ठेवून उठला. दुसऱ्या दिवसापासून त्याने सोपा रस्ता धरला. आधी डब्यात बघून जागा घ्यायची, तिथून तारा किती उंच दिसायला हवा ते उलटं गणित करून काढायचं, त्यात खरं वाटावं म्हणून किंचित चूक मिसळायची, आणि तेच मोजलं म्हणून दाखवायचं. कप्तान खूश झाला.

मामांच्या लक्षात आलं होतं. "साहेब, हे तर मागच्या पानावरचं उत्तर बघून गणित सोडवणं झालं," ते म्हणाले.

"मामा, कप्तानाला सांगू नका."

"मला काय करायचंय? माझं घर तेवढं बरोबर दाखवा म्हणजे झालं."

असेच दिवस गेले. मग एका रात्री वारा सुटला आणि जहाजाच्या मागच्या बाजूला एक लोखंडी दार धाडधाड आपटायला लागलं. थर्ड मेट पहाऱ्यावर होता. मामा दिवसभराचे दमलेले. त्याने त्यांना सांगितलं, ते दार बांधा आणि तसेच झोपायला जा, परत वर येऊ नका. तेवढीच त्यांना विश्रांती. दार आपटायचं थांबलं. त्याला वाटलं, मामा झोपले.

सकाळी मामांच्या बिछान्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

कप्तानाने जहाज वळवलं. रात्री त्या वेळी जहाज जिथे होतं ती जागा डब्याच्या नोंदीवरून काढून रेडिओवर कळवली. जवळपासची दोन जहाजं धावून आली आणि शोधायला लागली. यांचं जहाज दुपार टळल्यावर तिथे पोचलं. रेडिओवर दुसरा कप्तान विचारत होता, "आम्ही तुम्ही सांगितलेल्या जागी आहोत. तुम्ही कुठे आहात?" कप्तानाने डब्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आम्हीसुद्धा तिथेच आहोत." मग सगळे बाहेर आले. चहूकडे नुसतं पाणी. एकही जहाज नाही.

आजोबा डोलकाठीवर चढले. वरच्या अँटेनाची तार सांध्यात गंजून तुटली होती. कित्येक दिवस डब्याला एकही उपग्रह ऐकू येत नव्हता. जहाजाची चाल आणि दिशा यांवरून तो नुसता अंदाज बांधत होता आणि ती जागा खरी म्हणून दाखवत होता. पडद्याच्या कोपऱ्यात तसं बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं. ते कुणी वाचलं नव्हतं, कारण थर्ड मेटचे तारे रोज डब्याशी जुळत होते.

आजोबा खाली आले तेव्हा कप्तान थर्ड मेटसमोर उभा होता. त्याने विचारलं, "काल संध्याकाळी तारे घेतलेस?"

"हो सर."

"जुळले?"

"...हो."

कप्तान पाठ फिरवून निघून गेला. त्यापेक्षा दोन मुस्काटात मारल्या असत्या तर परवडलं असतं, असं थर्ड मेट नंतर आजोबांना म्हणाला. त्या संध्याकाळी कप्तानाने स्वतः सेक्स्टंट घेतला. मामा धरायचे ते जहाजाचं घड्याळ आजोबांनी धरलं. खरी जागा निघाली तेव्हा कळलं की दिवसभर तीन जहाजं भलताच समुद्र धुंडाळत होती.

मग खऱ्या जागी शोध सुरू झाला. समुद्रात माणूस शोधायची एक रीत असते. मधल्या जागेपासून सरळ जायचं, उजवीकडे काटकोनात वळायचं, पुन्हा सरळ, पुन्हा उजवीकडे, आणि जाताना प्रत्येक बाजू आधीपेक्षा लांब करत न्यायची. पाण्यावर चौकोनी भोवरा काढल्यासारखं. दोन दिवस असे चौकोन काढले. मिळाली ती फक्त मामांची विजार. दोन्ही पाय टोकाला गाठी मारून बंद केलेले. खलाशांना हे शिकवतात. पाण्यात पडलात तर विजार काढा, पायांना गाठी मारा, आत हवा भरा आणि ती गळ्यात घेऊन तरंगा. गाठी इतक्या घट्ट होत्या की त्या सोडवता आल्या नाहीत. म्हणजे मामा लगेच बुडाले नव्हते. रात्रभर, कदाचित दुसरा अख्खा दिवसही, ते जहाजाची वाट बघत होते.

त्यानंतर थर्ड मेटने एकही तारा खोटा घेतला नाही. पण खरे तारे घेतले की रेघा भलत्याच ठिकाणी छेदायच्या. भलत्याच म्हणजे रोज त्याच एका ठिकाणी. मामांची विजार मिळाली तिथून थोडं पलीकडे, जिथपर्यंत शोधाचे चौकोन कधी पोचले नव्हते. जहाज चारशे मैल पुढे गेलं तरी तारे त्याला तिथेच ठेवायचे. दुसरा एक अधिकारी हसून म्हणाला, "जहाज इथे आणि तू तिथे. पोहत येणार का?" त्या फेरीनंतर थर्ड मेटने नोकरी सोडली.

डोंगरातल्या गावात क्षितिज दिसत नाही, म्हणून हे तेल. गच्चीवर परातीत काळं तेल ओतायचं. ते स्थिर झालं की आरशासारखं होतं. वरचा तारा आणि तेलातला तारा यांच्यातला कोन मोजून निम्मा केला की झालं, क्षितिज लागत नाही. पंधरा वर्षं तो हेच करत होता. शेजारी मोबाइल ठेवायचा. मोबाइल म्हणायचा, तू घरी आहेस. तारे म्हणायचे, तू समुद्रात आहेस. हे आजोबांखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

त्या बुधवारी रात्री नऊ वाजून गेल्यावर त्याने आजोबांना फोन केला. "बत्तीसाहेब, आज घड्याळ तुम्ही धरा."

मामांचं घड्याळ आजोबांच्या खणात होतं. कप्तानाने ते पुन्हा कधी मागितलंच नव्हतं. आजोबांनी विचारलं, आज काय विशेष? थर्ड मेट म्हणाला, गेले काही दिवस मला घड्याळात बघावंच लागत नाही. कुणीतरी वेळ सांगतं. ते खरं आहे की माझं डोकं फिरलंय, तेवढं मला कळायला हवं. तुम्हालाही ऐकू आलं तर पुढे काय करायचं ते मी बघेन.

आजोबांनी त्याची समजूत घालायचा प्रयत्न केला. मग घड्याळ काढून किल्ली दिली आणि वेळ लावली.

थर्ड मेटने फोन कठड्यावर ठेवला, आवाज मोठा करून. तेल ओतल्याचा आवाज आला. लांब कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. मग शांतता. तो पहिला तारा तेलात शोधत होता.

"तयार?"

"तयार," आजोबा म्हणाले.

बराच वेळ काही नाही.

"स्टॉप."

आजोबांनी घड्याळ बघितलं. तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी फोनमधून कुणीतरी वेळ सांगितली. हळू. घोगऱ्या आवाजात.

वेळ बरोबर होती.

"बत्तीसाहेब, तुम्ही बोललात ना?"

आजोबांनी पुन्हा घड्याळ बघितलं.

"तुम्हीच ना?"

"...नाही."

थर्ड मेटने श्वास सोडला. रडल्यासारखा नाही. सुटल्यासारखा. मग म्हणाला, "दुसरा घेतो."

दुसऱ्या ताऱ्यालाही तसंच झालं. त्या वेळी आजोबांनी तोंड उघडलंच नाही. कुत्रं भुंकायचं थांबलं होतं.

तिसरा तारा त्याला धरता येईना.

"तेल हलतंय," तो म्हणाला.

"वारा असेल."

"पान हलत नाही इथे."

"मग हात लागला असेल तुझा. आत जा. थर्ड, ऐक माझं, आत जा."

"एका बाजूने वर येतंय... मग दुसऱ्या बाजूने. सावकाश." तो थांबला. "बत्तीसाहेब, ही लाट आहे."

आणि मग तो आवाज. या वेळी वेळ सांगत नव्हता.

"साहेब, मी कुठं?"

...

आजोबा सांगत होते की त्यांना फोन बंद करता येईना. हात होता, बटण होतं, पण दाबलं गेलं नाही.

थर्ड मेटने तिसरा तारा घेतला. लिहिल्याचा आवाज आला, पेन्सिल कागदावर घासल्याचा. पट्टी ठेवल्याचा. मग त्याने मोबाइल उचलला असावा, कारण त्याचा आवाज एकदम जवळून आला.

"फोनसुद्धा तेच सांगतोय."

"काय?"

"तीच जागा. तारे आणि डबा... जुळले, बत्तीसाहेब. काही न करता जुळले."

आजोबा त्याला हाका मारत राहिले. तो आजोबांशी बोलतच नव्हता.

"मामा, तिथंच थांबा," तो म्हणाला. "येतो."

पाण्याचा आवाज आला. परातीतल्या तेलाचा नाही. खूप पाण्याचा.

मग काही नाही.

फोन कट झाला, आणि लगेच एक संदेश आला. थर्ड मेटने त्याचं लोकेशन पाठवलं होतं. माणूस जसा जाईल तसा नकाशावर ठिपका सरकतो, ते. आजोबांनी भीतभीत उघडलं. निळा नकाशा. त्यात एक ठिपका.

सकाळी दुकानदाराने आणि शेजाऱ्यांनी दार फोडलं, कारण कडी आतून लावलेली होती. गच्चीवर परात होती. तेल आरशासारखं स्थिर. कठड्यावर फोन, चार्जिंग संपून बंद पडलेला. सेक्स्टंटची पेटी उघडी आणि रिकामी. चपला जिन्यापाशी जोडून ठेवलेल्या. पोलिसांनी विहिरी बघितल्या, दरी बघितली. तो मिळाला नाही. फोन आता त्याच्या बहिणीच्या कपाटात आहे, बंदच.

आजोबांनी गोष्ट इथेच संपवली. मावसभाऊ सतरंजीच्या मधोमध सरकून आला होता. धाकटा भाऊ आजोबांच्या मांडीवर झोपला होता, किंवा झोपल्याचं सोंग करत होता. वीज आली तेव्हा सगळे दचकले.

यापुढचं आजोबांनी सांगितलेलं नाही. ते मी बघितलं.

आजोबांचा फोन रात्री चार्जिंगला लावायचं काम माझं आहे. तो ठिपका त्यात अजून आहे. असं पाठवलेलं लोकेशन जास्तीत जास्त आठ तास चालतं, मग आपोआप बंद होतं, हे शाळेतल्या कुणालाही विचारा. आणि हा ठिपका सरकतो. आजोबांना वाटत होतं की तो प्रवाहाबरोबर कुठेही वाहतोय, म्हणून ते बघायचेच नाहीत. मी रोज बघायचे. मला तो कुठेही वाहतोय असं वाटेना, म्हणून मी भूमितीच्या आलेख कागदावर त्याच्या जागेवर रोज टिंब द्यायला लागले, आणि मग टिंबं जोडली.

सरळ. उजवीकडे काटकोन. सरळ. उजवीकडे. प्रत्येक बाजू आधीपेक्षा लांब.

मी तो कागद आजोबांना दाखवला. ते खाटेवर बसले आणि बराच वेळ कागदावरून बोट फिरवत राहिले. "शोधतोय," एवढंच म्हणाले.

हे गेल्या आठवड्यातलं. परवा संध्याकाळी, तारे निघायच्या वेळेला, ठिपका थांबला. रात्रभर हलला नाही. आजोबा आणि मी दोघंही जागे होतो, पण एकमेकांना तसं म्हणालो नाही. काल सकाळी तो पुन्हा निघाला. आता तो वळत नाही, एकाच दिशेने येतोय. आजोबांनी नकाशावर पट्टी ठेवून ती रेघ पुढे वाढवली, तेव्हा ती बरोबर सुकाणीमामांच्या गावावर गेली. मामांचं घर किनाऱ्यालाच होतं, आजोबा म्हणाले, तिथे अजून त्यांची मुलगी राहते. एवढं बोलून त्यांनी पट्टी उचलली, पण रेघ तिथे संपत नाही हे मला दिसलं होतं. ती तशीच पुढे नेली तर आमच्या

आजोबा खालून हाक मारतायत. फोन वाजतोय त्यांचा. खणातलं घड्याळ घेऊन लवकर ये म्हणतायत, कुणीतरी